उपचाराची गोळी हीदेखील नशाच आहे काय?

नशा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते. परंतु आज कित्येक घरांत ती खोकल्याच्या औषधातून आणि वेदनाशामक गोळ्यांच्या पाकिटातून शिरते. तोंडाला दारूसारखा वास येत नाही, म्हणून आई-वडिलांना फार उशिरा कळते. कळल्यावर मुलाला डॉक्टरांकडे नेले, तर ते रोज घेण्याची आणखी एक गोळी लिहून देतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : एक नशा सोडवून दुसरी लावायची काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी वैद्यकशास्त्र काय सांगते ते समजून घेणे आवश्यक आहे.

डॉक्टरांची दृष्टी

अफूच्या बोंडाच्या चिकापासून मॉर्फिन व कोडीन मिळतात. मॉर्फिनपासून हेरॉइन बनवतात. ट्रामाडॉलसारखी औषधे कारखान्यात तयार होतात. या सर्वांना ओपिऑइड म्हणतात. कर्करोगाच्या वेदनांत किंवा शस्त्रक्रियेनंतर हीच औषधे मोठी नेअमत ठरतात. मात्र दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइडचे सेवन करतात. संकट किती मोठे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

वेदना शमवणारी काही द्रव्ये अल्लाह तआलाने मेंदूतच ठेवली आहेत. ओपिऑइड त्यांची जागा बळकावतात. हळूहळू मेंदूला त्यांची सवय होते, पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते आणि औषध थांबले की शरीर बंड करते : जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडांत ठणका, रात्रभर जागरण. कुरआनवर हात ठेवून शपथ घेतलेला मुलगा तिसऱ्या दिवशी ती मोडतो, ते प्रत्येक वेळी ईमानाच्या अभावामुळे नसते. त्याचा मेंदू आजारी झालेला असतो.

मुलाला खोलीत कोंडून किंवा दूर पाठवून काही आठवडे नशा तोडली, तरी ओढ शिल्लक राहते; शरीराची सहनशक्ती मात्र उतरलेली असते. अशा वेळी त्याने पूर्वीइतकी मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देतात. तेही ओपिऑइडच आहे. परंतु ते सावकाश आणि दीर्घकाळ काम करते. योग्य मात्रेत ते ओढ व त्रास शमवते, धुंदी आणत नाही. मुलगा कामावर जाऊ शकतो, नमाजमध्ये शुद्धीवर उभा राहू शकतो.

शरीयतची दृष्टी

सूरह बकरहच्या २१९ व्या आयतीत दारूचा गुनाह तिच्या लाभाहून मोठा असल्याचे सांगितले आहे, आणि सूरह माइदहच्या ९० व्या आयतीत तिच्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट आदेश आहे. प्रत्येक मादक वस्तू हराम असल्याचे सहीह हदीसींतून सिद्ध आहे. म्हणून मौजेखातर घेतलेली गोळी औषधाच्या दुकानातून आणली, एवढ्याने हलाल होत नाही.

परंतु उपचाराचा हुकूम वेगळा आहे. प्रेषित (स.) यांनी उपचार करण्याची ताकीद दिली आहे. हनफी फुकहांनी अफूची चर्चा करताना नशेसाठीचे सेवन आणि औषधी गरजेपुरता वापर यांत भेद केला आहे. ज्या औषधाचा हेतू धुंदी नसून मुक्ती आहे, जे जाणकार डॉक्टर मोजून देतात आणि ज्यावाचून जिवाला धोका आहे, त्याला नशा म्हणणे उचित नव्हे. मनात शंका राहिली, तर मुफ्ती साहेबांना विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा. रमजानमध्येही गोळी परस्पर बंद करू नये; ती इफ्तारनंतर घेता येईल काय, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

आपले कर्तव्य

सहीह बुखारीत एका सहाबींचा प्रसंग आहे. दारू प्याल्याबद्दल त्यांना वारंवार शिक्षा झाली. कोणीतरी त्यांच्यावर लानत केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि हा मनुष्य अल्लाह व त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. शिक्षा टळली नाही. परंतु जमातीचे दारही बंद झाले नाही. आपण मात्र लोकलज्जेपायी मुलाचा आजार लपवतो, किंवा त्याला घराबाहेर काढून नशा विकणाऱ्याच्या स्वाधीन करतो.

मुलगा हाका मारूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर अब्रूचा विचार न करता त्याला कुशीवर वळवून १०८ ला दूरध्वनी करावा. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय सेवा विनामूल्य आहे. पोलिसांच्या भीतीने थांबू नये. स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला, प्रकरण अल्प प्रमाणाचे किंवा केवळ सेवनाचे असल्यास, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षणाची तरतूद आहे.

तौबा आणि उपचार ही एकमेकांची जागा घेणारी साधने नाहीत. तौबा मनाची दिशा बदलते, उपचार त्या दिशेने चालण्याइतके बळ शरीराला देतो. संतती ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे. ती आजारी पडली म्हणून अमानत राहत नाही, असे नाही. अल्लाह तआला आपल्या तरुणांना या संकटातून शिफा देवो आणि आपल्याला त्यांचा आधार बनवो. आमीन.