इस्पितळातील म्हातारी माणसे व त्यांची शुश्रूषा

गेल्या वर्षी भातमळणीच्या दिवसांत आम्ही इस्पितळात आजाऱ्यांना भेटावयास गेलो होतो. आपल्याच एका वाडीतील आजी खळ्यावर पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती चांगली पार पडली. तिसऱ्या रात्रीपासून मात्र आजी चादर ओढू लागल्या, सुनेला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या. मुलगा आम्हांला म्हणाला, "फादर, आईला म्हातारचळ लागला हो." पाहुण्यांपैकी एकाने तर कानाशी लागून बाहेरच्या बाधेचीही गोष्ट काढली.

एवढ्यात वॉर्डातील वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी आजींच्या ओटीपोटावर हलका हात दाबून पाहिला व विचारले, "लघवी कधी झाली? शौचास कधी झाले? यांचा चष्मा कुठे आहे?" लघवी तुंबली होती, शौचास चार दिवस झाले नव्हते आणि चष्मा, हरवेल म्हणून, घरी पेटीत ठेवला होता. डॉक्टरांना सांगून लघवी काढली, पोट साफ केले, चष्मा आणविला. दोन दिवसांनी आजींनी आम्हांला ओळखले व गाभण म्हैस व्याली का, ते विचारले.

या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. म्हातारपणीचा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी वाढत जातो. हा भ्रम मात्र एका-दोन दिवसांत येतो व त्याच दिवसात कमीजास्त होतो. त्याला बहुधा काही कारण असते: जंतूंचा संसर्ग, पाणी कमी पडणे, दुखणे, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, झोपेची किंवा दुसरी एखादी गोळी. ओरडणाऱ्या रोग्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण भ्रमाचा दुसरा प्रकार मुकाट असतो. म्हातारा दिवसभर ग्लानीत पडून राहतो, जेवत नाही, बोलत नाही आणि घरचे समाधानाने म्हणतात, "आज शांत आहेत." अशा वेळी "कालपर्यंत हे असे नव्हते" एवढे वाक्य सिस्टरांना लगेच सांगावे. कालचा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो, आपण पाहिलेला असतो.

म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे निराळे शिकण्याचे काम आहे, हे वैद्यकाला फार उशिरा उमगले. इंग्लंडात १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाने शेजारच्या कंगालगृहाचा दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हा तेथील ७१४ रुग्ण डॉक्टर मार्जरी वॉरेन यांच्याकडे आले. त्यांत म्हातारेच फार, वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. बाईंनी एकेकाला तपासले, भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढविला व ज्याला उठविता येईल त्याला उठविले. कित्येकजण चालू लागले व घरी गेले.

पुढे डोरीन नॉर्टन नावाच्या परिचारिकेने, दोन सहकाऱ्यांसह, १९६२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पडून पडून पाठीला, टाचेला होणाऱ्या जखमांचा विचार त्यात आहे. त्यांनी शाळेच्या गुणपत्रिकेसारखी एक पत्रिका केली. विषय पाच: प्रकृती, मनाची शुद्ध, चालणे, अंथरुणात अंग हलविणे आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकास १ ते ४ गुण, एकूण २०. ज्याला १४ किंवा कमी, त्याच्या कातडीवर डोळा ठेवावयाचा. कातडीला काय चोळले याला फारसे महत्त्व नाही, कूस वेळेवर बदलली की नाही याला आहे, असे त्यांना आढळले. आपल्याकडे अजून स्पिरिट व पावडर चोळण्याची हौस आहे! हाडावरची लाल झालेली जागा चोळू नये; त्याने आतील मांस अधिक दुखावते. दर दोन तासांनी कूस बदलण्याची रीत रूढ आहे. किती वेळाने बदलावी, हे आपल्या रोग्यापुरते सिस्टरांना विचारावे. बदलताना माणसाला ओढू नये, चादरीसकट उचलावे.

"विश्रांती घेऊ द्या" ही आपली माया कधी कधी घातक ठरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत धडधाकट वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. मग आजाऱ्याचे काय होत असेल! म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी खुर्चीवर बसवावे, संडासापर्यंत धरून न्यावे. लघवीची नळी सोयीची वाटते, पण ती रोग्याला जखडते व संसर्ग आणते. "नळी अजून लागते का?" असे रोज नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. जेवण ताठ बसवूनच भरवावे. आडवे असताना पेज घातली तर ती फुप्फुसात उतरते.

अमेरिकेत डॉक्टर शॅरन इनूये यांनी १९९९ साली सत्तरीच्या पुढच्या ८५२ रोग्यांवरील काम प्रसिद्ध केले. रोग्याला वार व जागा सांगणे, चालविणे, पाणी देणे, चष्मा व कानाचे यंत्र लावणे, रात्री गोळीऐवजी कोमट दूध व शांतता, एवढेच उपाय. नेहमीच्या व्यवस्थेत शंभरांत १५ जणांना भ्रम झाला, या वॉर्डात १० जणांना. तेथे या कामातील बरेचसे शिकविलेले स्वयंसेवक करीत. आपल्याकडे खाटेशी सून, लेक, नातू बसलेलेच असतात. फक्त त्यांना हे सांगितलेले नसते.

भारतात मद्रासच्या सरकारी जनरल इस्पितळात १९७८ साली वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग व १९८८ साली वॉर्ड सुरू झाला. केंद्र सरकारच्या २०१० सालच्या कार्यक्रमात जिल्हा इस्पितळात वृद्धांसाठी दहा खाटांची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात त्या आहेत का, याची चौकशी आजारपण येण्यापूर्वीच करून ठेवावी.

इस्पितळात नेताना पिशवीत चष्मा, कवळी व तिची डबी, कानाचे यंत्र, काठी आणि पायात घट्ट बसणाऱ्या, न घसरणाऱ्या चपला घ्याव्यात. घरी चालू असलेल्या सर्व गोळ्या, वैदूच्या पुड्यांसकट, न लाजता सिस्टरांपुढे ठेवाव्यात.