क्षयरोग आणि घरखर्च : एक अभ्यास

क्षयरोगावरील औषधे आपल्या देशात सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. असे असूनही हा रोग घरात आला की घर कर्जात का बुडते? हा प्रश्न आपण सर्वांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, समजून घेणे अगत्याचे आहे.

रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढले. पुढे मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या संशोधनाने सिद्ध केले की, रुग्णाने आरोग्यधामात न राहता घरी राहून नियमित औषधे घेतली तरी तो तितकाच बरा होतो. हा गरिबांवर मोठा उपकार झाला. आज साध्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा आहे. तरीही जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे.

मग खर्च होतो कुठे? आपण तो तीन भागांत पाहू.

१) निदानापूर्वीचा खर्च : खोकला सुरू झाला की आपण आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. बाटल्या, इंजेक्शने, एक्स-रे यांत आठवडे जातात. थुंकीची तपासणी मात्र शेवटी होते.

२) बुडालेली मजुरी : हा सर्वांत मोठा भाग होय. रोजंदारीवरील माणसाला पगारी रजा नसते. काम नाही तर दाम नाही.

३) आहार व प्रवास : दवाखान्याच्या फेऱ्या, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, अंडी, दूध, डाळी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घराचे उत्पन्न दरमहा १०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये आहे. कमावता माणूस दोन महिने घरी बसला तर २०,००० रुपये बुडाले. निदानापूर्वी ५,००० रुपये गेले. एकूण २५,००० रुपये झाले. क्षयावरील खर्च वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त झाला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला घरावरील आपत्ती मानते. या घराची मर्यादा २४,००० रुपये होती. औषधाला एक पैसाही न देता हे घर ती ओलांडून गेले!

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. दक्षिण भारतातील सुमारे ३०० रुग्णांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाचे सरासरी ८३ कामाचे दिवस बुडाल्याचे आढळले. सरासरी एकूण भार सुमारे ६,००० रुपये होता व त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश भाग बुडालेल्या कमाईसारख्या अप्रत्यक्ष खर्चाचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ११ टक्के मुलांनी शाळा सोडली. १५ टक्के स्त्री-रुग्णांना घरच्यांनीच दूर लोटले. कर्ज आज ना उद्या फिटते, पण सुटलेली शाळा सहसा पुन्हा मिळत नाही.

शासनाने एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या बँक खात्यात आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. आहाराचे महत्त्व झारखंडमधील संशोधनानेही दाखवून दिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, रुग्णाच्या कुटुंबाला पोषक शिधा दिल्याने घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. परंतु बुडालेली मजुरी या रकमेतून भरून निघत नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

तेव्हा आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम सरकारी केंद्रात तपासणी करावी. रुग्णाचे नाव व बँक खाते नोंदले गेले की नाही, हे वाचता-लिहिता येणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः जाऊन पाहावे. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. रोग उलटल्यास खर्च कैक पटींनी वाढतो. रोग लपवू नये व रुग्णाला, विशेषतः सुनेला, वाळीत टाकू नये. आणि शेजारच्या अशा घरातील मूल शाळेत जाते की नाही, याची चौकशी आपल्यापैकी प्रत्येकाने करावी. त्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा सहा महिन्यांचा भार आपण सर्वांनी मिळून उचलणे मुळीच अवघड नाही.