घरच्या कुरणात झाडं लावताना

सभासद बंधूंनो, वडिलोपार्जित कुरणात झाडी वाढवली की ससे-तितर येतील अन् शिकार करता येईल, असं कुणी म्हणतं. ते मनातून काढावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, जमीन आपली असली तरी शिकार गुन्हाच.

झाडीनं रान भरतं, हे मात्र खरं. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं झाडं लागली, हरणं वाढली, १९८५ साली अभयारण्य झालं. पण तीच हरणं शेजारच्या पिकांतही उतरली.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच: बोर, बाभूळ, लिंब, करंज बांधाकडेनं लावावीत. खड्डे उन्हाळ्यात काढावेत, रोपं मृगाच्या पावसावर लावावीत. मधलं गवत मोडू नये. त्यावर आपले बैल अन् दुभती जनावरं जगतात, तितरही तिथंच अंडी घालतो.