एका जंतूचे दोन कसे होतात?

रात्रीं कोमट दुधांत चमचाभर विरजण घातलें म्हणजे सकाळीं सगळ्या दुधाचें दहीं झालेलें असतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु एवढेंसें विरजण एवढ्या दुधास कसें पुरतें, ह्याचा विचार आपण क्वचित् करितों.

वाचकहो, विरजणांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. प्रत्येकाचा देह एकाच पेशीचा असून तो सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहीं. त्यांच्यांत नर व मादी असा भेद नाहीं. ऊब व अन्न मिळालें म्हणजे जंतु वाढतो. आनुवंशिक गुण बाळगणारा जो तंतु त्याच्या आंत असतो, त्याची दुसरी प्रत तयार होते. दोन प्रती दोन बाजूंस जातात. मग मध्यें पडदा उत्पन्न होऊन एकाचे दोन जंतु होतात. त्यांत जनक कोणता व अपत्य कोणतें, हें सांगतां येत नाहीं. ह्या क्रियेस द्विविभाजन म्हणतात. डबक्यांतील अमीबा हा एकपेशीय जीवहि असाच दुभंगतो.

आतां हिशेब पाहूं. कांहीं जंतु अनुकूल स्थितींत दर २० मिनिटांनीं दुभंगतात. म्हणजे एकाचे एका तासांत ८, दोन तासांत ६४, व चार तासांत ४,०९६ होतात. दहा तास असेंच चाललें तर संख्या शंभर कोटींवर जाईल! परंतु अन्न सरतें, आणि जंतूंनीं उत्पन्न केलेलीं द्रव्यें त्यांसच बाधतात; म्हणून ही वाढ थांबते. दह्याचा आंबटपणा हें असेंच एक द्रव्य होय.

विरजणाचे जंतु उपकारक आहेत. पटकीचे जंतु प्राणघातक आहेत. तेहि ह्याच रीतीनें वाढतात. इ. स. १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञास ते कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यांत आढळले. उघडा राहिलेला ओला भात त्यांस चांगलाच मानवतो. सकाळीं त्यांत पडलेले थोडेसे जंतु संध्याकाळीं थोडे राहत नाहींत. ह्यास्तव अन्न शिजल्यावर लवकर खावें, तें झांकून ठेवावें, जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे, आणि पिण्याचें पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळावें.

उपदेशकांनीं हा पाठ शिकवितांना जमिनीवर जोंधळ्याचा एक दाणा ठेवावा व पुढें दाणे दुप्पट करीत जावें. दहाव्या वेळीं १,०२४ दाणे लागतील. दर २० मिनिटांस एक दुप्पट धरली, तर एवढ्यास केवळ तीन तास वीस मिनिटें पुरतात, हें लेंकरांसहि सहज समजेल.