ब्रह्मदेशाचा पाठ

नववीच्या राज्यशास्त्रात 'आंतरराष्ट्रीय समस्या' या प्रकरणात निर्वासितांचा विषय येतो. पुस्तकातील मजकूर वाचून दाखवला की पंधरा मिनिटांत तो आटोपतो. २०१७ साली मीही तो तसाच आटोपणार होतो. त्या ऑगस्टअखेरीपासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून लाखो रोहिंग्या मुस्लिम नाफ नदी ओलांडून बांगलादेशात येत होते आणि आपल्या वाचनालयातील वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे रोज झळकत होती. पहाटे त्रिसरण-पंचशील घेऊन वर्गात बसलेल्या एका मुलाने विचारले, "सर, त्यांना हाकलणारे बौद्धच आहेत ना?"

मी घाईने म्हणालो, "ते खरे बौद्ध नव्हेत." मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठली. "सर, आमच्या गावात आमच्या वस्तीवर बहिष्कार घातला होता, तेव्हाही लोक असंच म्हणाले. म्हणे, बहिष्कार घालणारे खरे धार्मिक नव्हते."

तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढील वर्षापासून या विषयाला मी तीन तास देऊ लागलो. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना ते आठवत असतील.

पहिला तास संस्कृतीचा. ज्या समाजाचे अन्न, पोशाख, सण आपल्याला ठाऊक नाहीत, त्याच्याविषयीची वाईट बातमी म्हणजे केवळ आकडा असतो. म्हणून प्रथम बागानचे हजारो स्तूप व मंदिरे, झाडाची साल उगाळून गालांवर लावला जाणारा थनाखाचा लेप आणि लहान मुलांना श्रामणेर करण्याचा शिनब्यू सोहळा. आपल्या श्रामणेर शिबिरात बसलेल्या मुलांना तो सांगावाच लागत नाही. इगतपुरीची विपश्यना सत्यनारायण गोयंका तेथूनच शिकून आले, हे ऐकून मुले चकित होतात. टिळकांचा मंडालेचा तुरुंग त्यांना माहीत असतो. १९५४च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. इतिहासाच्या पुस्तकांतील ही उणीव आपणच भरून काढली पाहिजे.

दुसरा तास कायद्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. म्यानमारच्या १९८२च्या नागरिकत्व कायद्यानुसार १८२३ पूर्वीपासून तेथे स्थायिक असलेले वंशगट हेच पूर्ण नागरिक. शासनमान्य १३५ गटांच्या यादीत रोहिंग्या हे नावच नाही. शासन त्यांना 'बंगाली' म्हणते, म्हणजे परके. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेल्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वीचा कागद कोठून आणावा?

येथे मुलांना फार समजावून द्यावे लागत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना त्यांच्या वडिलांनी तहसीलच्या किती खेपा घातल्या, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. आजोबांचे नाव शाळेच्या दाखल्यावर नाही, कारण आजोबांना शाळाच नव्हती. अर्थात दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. येथे कागद न मिळाल्यास सवलत अडते, तेथे देशच जातो. दुसऱ्याने ठेवलेले नाव वागवण्याचा अनुभवही आपल्या समाजाला नवा नाही. महाडच्या तळ्याचा धडा आणि राखाइनचा धडा एकाच वहीत लिहिले जावेत, असे मला त्या तासाला वाटते.

तिसऱ्या तासाला संघाची वेगवेगळी रूपे. २००७ साली याच देशातील भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध मोर्चे काढले, भिक्षापात्रे पालथी घालून सेनाधिकाऱ्यांचे दान नाकारले. त्यानंतर काही वर्षांतच काही भिक्खू मुस्लिमांविरुद्ध द्वेषाची भाषणे करीत हिंडले. आणि २०१३ मध्ये मेइक्तिलाच्या दंगलीत एका विहारातील भिक्खूंनी शेकडो मुस्लिमांना आश्रय दिला. चीवर तिन्ही ठिकाणी तेच. लोकशाहीसाठी नजरकैद सोसलेल्या, १९९१च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी आंग सान स्यू ची २०१९च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. तो खटला दाखल केला होता आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाने. पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने त्यांनाही अटक केली. मुले विचारतात, त्या चांगल्या की वाईट? मी उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंची कात्रणे देतो. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, स्वतः पाहून लिहिले की ऐकून, एवढे तपासून मग मत मांडा, असे सांगतो.

एकदा एक पालक भेटायला आले. "गुरुजी, आपल्याला नावं ठेवायला बाहेरचे टपलेलेच आहेत. आपणच आपल्या धम्माची उणीदुणी पोरांपुढे कशाला काढायची?" त्यांची भीती खोटी नव्हती. धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी गावात काय सोसले, ते मला ठाऊक होते. मी म्हणालो, "दादा, बाबासाहेबांनी धम्म तपासून घेतला. पोरांना तो न तपासता कसा देऊ?" त्यांचे समाधान झाले नाही. मी त्यांना तिसऱ्या तासाला येऊन बसण्याची विनंती केली. ते आले, शेवटच्या बाकावर बसले. त्यांचे मत आजही माझ्यासारखे नाही; पण मेइक्तिलाच्या विहाराची हकीकत त्यांनी वस्तीतील बुद्धविहारात वर्षावासाच्या वेळी सांगितली, असे त्यांचा मुलगाच मला म्हणाला.

आता लष्कराची विमाने बौद्धबहुल सगाइंग भागातील गावांवरही बाँब टाकतात. त्यामुळे दर जूनमध्ये माझी जुनी टिपणे अपुरी पडतात, आणि नववीची मुले भित्तिपत्रकावर पुन्हा नवी कात्रणे डकवू लागतात.