पूर्वजाचा माग काढताना: बारामती-इंदापूरकरांसाठी काय करावे, काय टाळावे

पणजोबांचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते. पण ते जन्मले कधी, कुणाच्या पोटी आणि भावंडे किती होती, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बहुतेकांना याची आठवण होते ती जात पडताळणीचा अर्ज भरताना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो आणि शोधाशोध सुरू होते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षांपुढे जी गर्दी झाली, तिच्यातल्या अनेकांनी जुने दप्तर आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. कुणी निव्वळ हौसेने शोधतो, तेही चांगलेच. कारण कोणतेही असो, माणसाच्या जन्मनोंदीमागे धावत सुटण्याऐवजी त्याची जमीन, त्याचे आजोळ आणि त्याची भावकी यांच्या मागे लागावे. माणूस तिथे सापडतो.

काय करावे

जमिनीपासून सुरुवात करा. या बाबतीत इंदापूरकर नशीबवान आहेत. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने बसवलेला सारा शेतकऱ्यांना झेपेना, जमिनी पडीक पडू लागल्या. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये नव्याने आकारणी केली. मुंबई इलाखाभर पुढे जी पद्धत गेली तिची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली. शेताला नंबर मिळाला आणि नंबरापुढे खातेदार आला. तिथवर उलटे चालत जायचे तर आजचा सातबारा हातात घ्या, गट नंबर पाहा, एकत्रीकरणाच्या योजनापत्रकावरून त्या गटाचे जुने सर्व्हे नंबर काढा आणि मग त्या नंबरांचे फेरफार मागे मागे वाचत जा. फेरफार संपले की हक्कनोंद, कडईपत्रक आणि मोजणीची जुनी पत्रके. काही कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, मोजणीचे भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. स्कॅन झालेले ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. हेलपाटा घालण्याआधी तिथे पाहून घ्या.

वारसाचा फेरफार सावकाश वाचा, एक अक्षरही गाळू नका. समजा, १९१९ सालच्या नोंदीत असे आहे: ‘राणू बिन संतू मयत. वारस मुलगे १ केरू २ बाळू, अ.पा.क. आई ठकूबाई.’ दीड ओळच, पण तिच्यात तीन पिढ्या आहेत. संतूचा मुलगा राणू, त्याची बायको ठकूबाई, त्यांची दोन मुले. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे नोंद झाली तेव्हा दोन्ही मुले अठराच्या आतली, १९०१ नंतर जन्मलेली. नावांचा क्रम बहुधा थोरल्यापासून असतो. त्याच सर्व्हे नंबरवर पुढे केव्हातरी ‘अज्ञान सज्ञान झाला’ अशी नोंद मिळाली, तर धाकट्याचे जन्मवर्ष दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती येते. जन्मदाखला नसताना याहून भक्कम काही मिळणे कठीण. ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ; बाकीचे भाऊ त्याच्या नावाआड दडलेले असतात. त्यांना वाटणीच्या फेरफारात गाठा.

कोतवाल बुक पाहा, पण बापाच्या नावाने. गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत मुलाचे नाव अनेकदा नसतेच. तारीख, बापाचे नाव, जात आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढाच मजकूर. बारसे व्हायच्या आत पाटलाने नोंद केलेली असायची, नाव मागाहून घालायला कुणी आले नाही. ‘केरू’ शोधाल तर केरू मिळणार नाही. ‘राणू’ शोधा.

आजोळचे गाव विसरू नका. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पणजोबा थोरले असतील तर त्यांच्या जन्माची नोंद कळसला किंवा निमगाव केतकीला नसून पणजीच्या माहेरी, कदाचित करमाळ्यात, फलटणात किंवा माळशिरसात असेल. म्हणजे वेगळा जिल्हा, वेगळे तहसील, वेगळा अर्ज. शोध अडतो तो बहुतेक इथेच. म्हणून घरात पहिला प्रश्न ‘पणजी कुठल्या गावची?’ हा विचारा.

खरेदीखते आणि गहाणखते मिळवा. यात वयाचा उल्लेख असतो: ‘उमर अदमासे वर्षे ३५, धंदा शेती.’ एका खतावर विसंबू नका. दोन-तीन खतांतून वर्षे ताडून पाहा. आपल्या भागात अशी खते भरपूर असण्याला इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्यात सावकारांच्या घरांवर लोक चालून गेले आणि त्यांनी खाती-रोखे जाळले. त्या आगीत किती आज्या-पणज्यांची नावे गेली असतील, कोण जाणे. पण त्या दंग्यांतूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि शेतकऱ्याचा रोखा ग्राम निबंधकासमोर लिहून नोंदवणे भाग पडले. एक दप्तर जळाले, त्याच्यापायी दुसरे सुरू झाले. दुय्यम निबंधक कार्यालयात ‘सूची २’ मागा.

वतन असलेल्या घराण्यांनी वतनाचे रजिस्टर काढावे. यात पाटील-कुलकर्णीच येतात असे नाही. महार, रामोशी यांच्या वतनांचीही नोंद असते आणि वतनात वारस ठरवावा लागत असल्याने बाप-मुलगा-नातू हा क्रम लिहिलेला असतो. गावकुसाबाहेरच्या घरांची वंशावळ कागदावर नाही, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. ‘प्लेगाच्या आधी की नंतर?’ ‘मानमोडीत त्यांची आई गेली का?’ पुणे भागात प्लेगाची दहशत १८९७ ची, मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, १९१८ ची. आजीला साल सांगता येत नाही, पण ‘मानमोडीत आई गेली तेव्हा आबा रांगत होते’ हे तिने सासूकडून ऐकलेले असते. लगेच १९१८ चे मृत्यूचे रजिस्टर उघडा.

क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गाव आणि आडनाव सांगितले की नामावळ निघते. पंढरपूरला आपल्या गावचे उपाध्ये कोण ते भावकीतल्या वारकऱ्याला विचारा. यातली नावे घरच्याच माणसाने सांगितलेली असल्याने बायका, सुना आणि लहानपणी गेलेली मुलेही कधी कधी सापडतात. अशी कुटुंबे सरकारी दप्तरात क्वचितच पूर्ण भेटतात. वंशावळ सांगणारा भाट किंवा हेळवी येत असेल तर त्याच्याकडचेही उतरवून घ्या, पण पेन्सिलीने. कागदाशी जुळल्यावर शाईने.

काय टाळावे

राहते गाव म्हणजे जन्मगाव असे धरून चालू नका. मोरोपंत बारामतीचे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्यांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. घराणे मूळ कोकणातले. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते बारामतीला स्थिरावले. सामान्य घरांचेही तेच. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि उसाच्या मागे सासवडकडचे माळी इकडे आले. वालचंदनगरला साखर कारखाना निघाला, कामगार आले. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगराच्या घरचे मूल वाटेवरच्या वाड्यावर जन्मले, तर ते कुठल्या पाटलाच्या वहीत चढणार? आणि उजनीच्या पाण्याने जुने पळसदेव घेतले, तसे भीमाकाठच्या इतर गावांचे पत्तेही बदलले. अशा घरांनी भूसंपादनाचे निवाडे पाहावेत. भरपाईसाठी वारसांची नावे तिथे लिहावी लागली होती.

‘तालुका बारामती’ एवढेच शोधू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत बारामती भीमथडी तालुक्यात आहे, त्याआधीच्या कागदांत सुपे परगणा भेटेल. तालुक्याचे नाव चुकले की कारकून ‘आढळ होत नाही’ असे लिहून अर्ज परत करतो. त्यात त्याचा दोष नाही.

आडनावावर भिस्त ठेवू नका. जुन्या नोंदीत ‘बिन’ लावून बाप येतो, ‘कोम’ लावून नवरा येतो, आडनाव येईलच असे नाही.

एकाच नावाची दोन माणसे एक करू नका. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने एका भावकीत चार-चार केरू निघतात. सर्व्हे नंबर आणि आईचे नाव जुळल्याशिवाय नाते जोडू नका. दत्तक गेलेल्याचा बाप तर कागदावर बदललेलाच असतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली तारीख वेदवाक्य मानू नका. गुरुजींनी दाखल करून घेताना १ जून घातलेली निम्मी गावे आपल्याकडे आहेत. जात आणि बापाचे नाव यांसाठी मात्र हे रजिस्टर मोलाचे. आजोबा एकच इयत्ता शिकले असतील तरी त्यांचे नाव त्यात असते.

सालाचे गणित घाईने करू नका. शकात ७८ मिळवा, पण जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या कागदाला ७९. आपल्याकडच्या फसलीत ५९०-५९१. पेशवाईतल्या कागदावर ‘सन तिसा सबैन मया व अलफ’ असे दिसेल: नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७९. त्यात ५९९ मिळवले की १७७८-७९. हे वर्ष मृगाला सुरू होते.

पेशवे दप्तराकडे आधी धावू नका. पुणे पुरालेखागारातले रुमाल इनाम, वतन, तंटे, हिशेब यांचे आहेत. साध्या रयतेच्या घरचे जन्म तिथे नाहीत. परगणा, गाव आणि कामाचा प्रकार ठाऊक असेल तरच जा आणि मोडी वाचणारा जाणकार बरोबर न्या.

पैसे देऊन तयार वंशावळ घेऊ नका. ती थेट एखाद्या राजघराण्याला जाऊन भिडते, मधल्या पाच पिढ्यांना मात्र एकही कागद नसतो. मालोजीराजे भोसले इंदापुरात लढताना पडले, त्यांच्या मृत्यूच्या सालाबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. तुमच्या सोळाव्या शतकातल्या पूर्वजाची जन्मतिथी कुणी घटिकेसह सांगत असेल तर खिशाला हात लावू नका.

नोंदीत अक्षर घुसडू नका, दुसऱ्याला घुसडू देऊ नका. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ वही मागवते, शाई आणि वळण पाहते. खोटा पुरावा देणे हा गुन्हा आहे आणि त्यात पोराची नोकरी जाते.

घरातले जुने कागद लॅमिनेट करू नका, मूळ प्रत कुठल्याही एजंटाच्या हाती देऊ नका. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोडी कागद असतील तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा, प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या आणि भावकीतल्या किमान तिघांकडे ते पोचवा.