यंत्रबालक ॲटम

इ.स. १९४५ साली जपानमधील ओसाका शहरावर बाँबवर्षाव झाला. त्यातून बचावलेल्या ओसामु तेझुका या तरुणाने पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतले; परंतु आयुष्य वाहिले ते चित्रकथेला. १९५२ साली त्यांची ‘ॲटम’ ही विज्ञानचित्रकथा मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १९६३ साली तिच्यावरील हलत्या चित्रांची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली.

पुत्रशोकाने व्याकूळ झालेला एक शास्त्रज्ञ मृत मुलासारखाच यंत्रबालक घडवितो. पण तो वाढत नाही, म्हणून त्याला सर्कशीत विकून टाकतो. लक्ष अश्वशक्तीचा तो बालक तरीही मानवाच्या रक्षणासाठीच झटतो. त्याचे उड्डाण पाहून वाचक थक्क होतो. त्याचे दुःख पाहून विचारात पडतो. ज्याला दुःख कळते, त्याला निव्वळ यंत्र म्हणावे काय? असा प्रश्न मनात जागविते, यातच या कथेची थोरवी आहे.